वारीला निघण्याआधी शूजची टाच दाबून बघा

दुकानात शूज हातात घेतला की आपण सगळे एकच करतो. आत हात घालून तळ अंगठ्याने दाबतो आणि तो उशीसारखा दबला की म्हणतो, "मस्त मऊ आहे." गोखले रोडवरच्या कुठल्याही दुकानात संध्याकाळी दहा मिनिटं थांबा, चार-पाच गिऱ्हाइकं तरी हेच करताना दिसतील. दुकानातला मुलगाही तीच जागा दाबून दाखवतो. पण आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालायचं असेल तर दाबून बघायची जागा वेगळी आहे. शूज मागून धरा. आपली टाच जिथे बसते ती मागची वाटी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबा. ती पुठ्ठ्यासारखी टणक लागली पाहिजे. चिमटीत चपटी झाली तर तो शूज टाच धरून ठेवणार नाही, आणि टाच डगमगली की वरचं सगळं डगमगतं. घोटा, गुडघा, कंबर, सगळं.

दरवर्षी वैशाख लागला की मला फोन सुरू होतात. आमचा ठाण्यातला वीसेक जणांचा गट माउलींच्या पालखीबरोबर चालतो, आणि त्याआधी दोन महिने दर रविवारी उपवनवरून येऊरचा चढ चढून सराव करतो. फोनवरचा प्रश्न ठरलेला असतो, "अगं, कुठल्या कंपनीचे घेऊ?" कंपनीचं नाव सांगायला काय जातं? पण माझ्या पायाला बसलेला शूज तुमच्या पायाला बसेलच असं नाही. म्हणून शूज पारखायचा कसा, तेच इथे सांगते. "आधार देणारे शूज घ्या" असं डॉक्टर सांगतात, जाहिरातीही सांगतात. आधार कशाला आणि कसला, हे मात्र कोणी उलगडून सांगत नाही.

आधी पाय बघू. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. तळव्याच्या आतल्या बाजूला जी पोकळी दिसते ती पायाची कमान. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत एक जाड, चिवट पट्टा जातो, धनुष्याला दोरी असते तसा. पाऊल टेकतं तेव्हा कमान किंचित खाली बसते आणि धक्का पचवते. पाऊल उचलताना हाच पट्टा ताणला जातो, कमान पुन्हा वर येते, पाऊल कडक होतं आणि पुढे रेटा मिळतो. आत्ता बसल्या जागी करून बघा. पाय जमिनीवर टेकलेला ठेवा आणि फक्त अंगठा हाताने वर उचला. कमान आपोआप चढलेली दिसेल. चालताना दर पावलाला हे घडतं, आणि शूजचं काम एवढंच की यात त्याने मोडता घालू नये.

म्हणजे पाऊल जिथे वाकतं तिथेच शूज वाकला पाहिजे. टोक एका हातात, टाच दुसऱ्या हातात धरून शूज वाकवा. घडी बोटांच्या बुडाशी, चवड्यावर पडली तर ठीक. ती बरोबर मधोमध पडली तर त्या शूजला कणा नाही असं समजा. मग कमानीखालची सगळी जबाबदारी त्या पट्ट्यावर येते आणि चार-पाच दिवसांत टाच बोलायला लागते. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताच टाचेत कळ जाणं ही त्या पट्ट्याचीच तक्रार असते.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका काकूंबरोबर मी शूज घ्यायला गेले होते. त्यांची पहिलीच वारी, वय बासष्ट. त्यांनी पहिला शूज पायात घातला आणि चेहराच खुलला. "अगं, पाय लोण्यात ठेवल्यासारखा वाटतोय." दुकानातला मुलगा म्हणाला, "मेमरी फोम आहे मॅडम." मी म्हटलं, "काकू, काढा आणि एकदा पिळून बघा, ओलं फडकं पिळतो तसा." काकूंनी पिळला. शूजची चक्क दोरी झाली. मग त्यांनी शेल्फवरचा दुसरा एक शूज घेतला, दिसायला साधा, राखाडी रंगाचा, आणि तोही पिळला. तो थोडासा वळला आणि मग अडला. काकूंनी दोन्ही शूज परत परत पिळून पाहिले, शेवटी राखाडी पुढे ओढला आणि म्हणाल्या, "हा ऐकत नाहीये माझं. हाच बरा."

मऊपणा वाईट नाही. पण मेमरी फोम दाबला की हळूहळू वर येतो. घरात, ऑफिसात, लोकलच्या फलाटावर ते सुखाचं वाटतं. दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालताना त्याला वर यायला उसंतच मिळत नाही, तो चेपून बसतो. शिवाय पायाखाली जास्त मऊ असेल तर दर पावलाला तोल सावरायला पोटऱ्यांना आणि घोट्याभोवतीच्या बारीक स्नायूंना जास्त राबावं लागतं. समुद्रकाठच्या कोरड्या वाळूत चालल्यावर पाय कसे भरून येतात ते आठवा. त्यापेक्षा घट्टसर फोमचा मिडसोल, म्हणजे शूजच्या तळातला मधला थर, बरा. बहुतेक चालण्याच्या शूजमध्ये तो ईव्हीए नावाच्या हलक्या फोमचा असतो, काही भारी ट्रेकिंग शूजमध्ये पॉलियुरेथेनचा. या पॉलियुरेथेनची एक गोष्ट पुढे सांगते, ती आपल्या हवेत राहणाऱ्यांनी कान देऊन ऐकण्यासारखी आहे.

आता सपाट पायांविषयी. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवला की कोणाचा ठसा भरगच्च येतो, कोणाचा मधे कोरलेला. काही दुकानांत यासाठी पायाचा दाब रंगांत दाखवणारी यंत्रंही असतात. भरगच्च ठसा म्हणजे पाय आत झुकतो, म्हणून असा शूज. कोरलेला ठसा म्हणजे तसा शूज, अशी वाटणी खूप वर्षं चालत आली. ऐकायला पटते. पण अमेरिकेचं लष्कर, हवाई दल आणि मरीन्समध्ये नव्याने भरती झालेल्यांवर याचे प्रयोग झाले. काहींना कमानीच्या उंचीप्रमाणे वेगवेगळे शूज दिले, बाकीच्यांना कमान कशीही असो, एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पाय टेकताना थोडा आत झुकणं हा आजार नव्हे, धक्का पचवण्याची ती रीत आहे. तेव्हा आयुष्यभर सपाट पायांनी विनातक्रार चाललेल्या माणसाने यंत्रावरचा लाल रंग बघून घाबरू नये. दुखत असेल, एका बाजूला शूज जास्त झिजत असेल, तर मात्र फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि इनसोल, म्हणजे शूजच्या आतली सुटी गादी, त्यांच्या सल्ल्याने घ्या.

मापाच्या बाबतीत मी हट्टी आहे, कारण आमच्या गटात बिघडलेल्या दहा पायांपैकी सात-आठ पाय चुकीच्या मापाने बिघडलेले मी पाहिले आहेत. आपल्याकडे जे नंबर चालतात ते ब्रिटिश पद्धतीचे. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. अर्धा नंबर म्हणजे चार मिलिमीटरच्या आसपास. दिवसभर चालून पाय सुजतात, पसरतात, आणि तेवढ्या फरकाने नख काळं पडतं. म्हणून शूज घ्यायला संध्याकाळी जा, सकाळी अकराला नको. जे मोजे घालून चालणार तेच घालून जा. उभं राहून, दोन्ही पायांवर वजन टाकून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. हे सगळ्यात लांब बोट अनेकांच्या पायात अंगठ्याशेजारचं असतं, हे विसरू नका. दोन पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायाचं माप धरायचं.

लांबीइतकीच रुंदी महत्त्वाची, आणि तिथे आपली पंचाईत होते. लहानपणापासून चपलेत किंवा अनवाणी वाढलेला पाय चवड्याला रुंद असतो. दुकानातले बरेचसे शूज चवड्याला निमुळते असतात. मग आपण काय करतो? करंगळीला लागतंय म्हणून एक नंबर मोठा घेतो. चवडा मोकळा होतो, पण टाच आत वरखाली व्हायला लागते आणि फोड करंगळीऐवजी टाचेला येतो. रुंद फिटिंगचा शूज मागा, बऱ्याच कंपन्या बनवतात. एक सोपी खूण सांगते. घरी कागदावर उभं राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि तो आकार कापून दुकानात न्या. कागद शूजच्या तळाखाली धरा. कागद दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावला तर तो शूज पायात घालूनही बघू नका. बायकांसाठी आणखी एक. टाच अरुंद आणि चवडा रुंद अशी ठेवण आपल्यात खूप असते, तेव्हा पुरुषांच्या शेल्फवरचा लहान नंबर घेऊन भागेल असं गृहीत धरू नये.

बदलून देण्याची मुदत विचारून घ्या आणि घरी आणलेले शूज लगेच रस्त्यावर घालू नका. लिफ्ट सोडा, सोसायटीचे जिने पाच-सहा वेळा उतरा. उतरताना बोटं पुढे जाऊन आदळत असतील तर ते माप तुमचं नाही, किंवा लेस नीट बांधलेली नाही. लेसचं सांगायचं तर शूजच्या सगळ्यात वरच्या बाजूला, जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं. बहुतेक जण ते रिकामंच ठेवतात. त्या भोकातून लेस त्याच बाजूला परत ओवून छोटा फास करायचा, दुसऱ्या बाजूची लेस त्या फासातून घ्यायची आणि मग खाली-मागे ओढून गाठ मारायची. टाच वाटीत घट्ट बसते, चवड्यावरची लेस मात्र सैल ठेवता येते.

वजनाचा हिशोब तर करून बघाच. एक पाऊल पाऊण मीटरचं धरलं तर २० किलोमीटरला सुमारे २६,६०० पावलं पडतात, म्हणजे एकेका पायाला १३,३००. शूज १०० ग्रॅम जड असेल तर तो पाय दिवसाला १,३३० किलो जास्तीचं उचलतो. पाठीवरचं वजन एका लयीत पुढे जातं. पायातलं वजन दर पावलाला उचलावं, पुढे फेकावं आणि थांबवावं लागतं. त्यामुळे वारीच्या डांबरी रस्त्याला घोट्यापर्यंतचे जाडजूड ट्रेकिंग बूट नकोत. जाड काट्यांचा सोल डांबरावर लवकर झिजतो आणि टोचतोही. सपाटसर रबरी तळाचे, हलके, जाळीदार शूज तिथे चांगले.

सह्याद्रीत प्रश्न वेगळा. तिथे कातळ आहे, घसारा आहे, चिखल आहे. डोंगरातल्या रबरी सोलमागे एक दुःखद कहाणी आहे. १९३५ साली आल्प्समध्ये वादळात सापडून इटालियन गिर्यारोहक विताले ब्रामानी यांचे सहा साथीदार गेले. तेव्हाच्या बुटांना खिळे ठोकलेले चामड्याचे तळ असत आणि चढाईसाठी वेगळे पातळ जोडे घालावे लागत. ब्रामानींनी खोल खाचांचा रबरी सोल तयार केला, १९३७ साली त्याचं पेटंट झालं, आणि अशा सोलवर दिसणारं व्हिब्रम हे कंपनीचं नाव त्यांच्याच नावावरून आलं. आपल्याकडे माहुली, कर्नाळा, कलावंतीण करणाऱ्या कित्येक पिढ्यांनी स्वस्तातले हंटर आणि अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग शूज यांच्यावर भरवसा ठेवला, तोही रबराच्या पकडीसाठीच. नरम रबर ओल्या कातळाला चांगलं धरतं, पण लवकर झिजतं. शेवाळावर कुठलंच रबर धरत नाही, तिथे पाय जपून टाकणं एवढंच हातात.

पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफ घ्यावेत का, हा प्रश्न दरवेळी येतो. गोअर-टेक्स हे कापड १९६९ साली लागलेल्या शोधातून आलं. त्यातल्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी लागते. आषाढातल्या आपल्या हवेत कोरडेपणा कुठून येणार? शिवाय ओढ्यात पाय गेला की पाणी वरून, घोट्याच्या बाजूने आत शिरतं आणि तो न गळणारा शूज पाण्याने भरलेला तांब्या होतो. हिमालयातल्या बर्फात तो उपयोगाचा. आपल्या पावसात मी जाळीचेच शूज घालते, भिजतात आणि चालता चालता निथळतात.

आणि आता पॉलियुरेथेन. पूर्वी मी एका नावाजलेल्या कंपनीचे ट्रेकिंग बूट घेतले, दोनदा घातले आणि डब्यात घालून माळ्यावर जपून ठेवले. चार पावसाळ्यांनी काढले तेव्हा नव्यासारखे दिसत होते. माहुलीच्या वाटेवर तासाभरात उजव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला. लेसने बांधून कशीबशी खाली आले. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळ बसणाऱ्या, चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेले. त्यांनी रापी घातली, तळ अलगद उलगडला आणि मधल्या थरावरून अंगठा फिरवला. शिळ्या केकसारखा भुगा त्यांच्या अंगठ्याला चिकटून आला. "ताई, चिकटवून उपयोग नाही. आतला फोमच मेलाय." त्यांनी डावा बूटही वाकवून दाखवला, त्यालाही कडेने केसाएवढ्या चिरा पडल्या होत्या. काकांनी एक पैसा घेतला नाही.

हवेतला ओलावा पॉलियुरेथेनच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतो. बूट वापरा किंवा ठेवून द्या, ते होतच राहतं, आणि ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत, बंद डब्यात, जोरात होतं. म्हणून जुने बूट लांबच्या वाटेला नेण्याआधी मिडसोलला नख लावून बघा, कडेने वाकवून चिरा शोधा. सेलमध्ये नवे घेतानाही डब्यावर छापलेला उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. ईव्हीएचा असा भुगा होत नाही. तो चपटा होत जातो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालल्यावर वरून धडधाकट दिसणारा शूज आतून संपलेला असतो. मिडसोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या की ओळखावं.

फोड कसा येतो हेही समजून घेतलं पाहिजे. नुसत्या घासण्याने साल निघतं, पण फोड आतून येतो. पावलाचं हाड पुढेमागे सरकतं आणि वरची कातडी मोज्याला चिकटून जागच्या जागी राहते, मधले थर ओढले जाऊन सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. कातडी ओली असेल तर ती जास्तच चिकटते. म्हणून सुती मोजे नकोत, ते घाम आणि पाऊस धरून ठेवतात. सिंथेटिक किंवा लोकरी मिश्रणाचे पातळ मोजे घ्या, तीन जोड तरी. आणि कुठेही चटका लागल्यासारखं वाटलं की दिंडी पुढे गेली तरी चालेल, तिथेच बसा, मोजा काढा, पाय कोरडा करा आणि त्या जागेवर मायक्रोपोर टेप लावा. दहा मिनिटांचा खेळ आहे. तो टाळून पुढे गेलेली माणसं मी तिसऱ्या दिवशी टेम्पोत बसलेली पाहिली आहेत, डोळ्यांत पाणी आणून.

मधुमेह असलेल्यांना हात जोडून सांगते, तुमच्या बाबतीत हा चटका लागेलच असं नाही. पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात आणि शूजमध्ये खडा असला तरी कळत नाही. निघण्याआधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्या. शूज घालण्याआधी दरवेळी आत हात फिरवा, रात्री मुक्कामाला तळवे कोणाला तरी बघायला सांगा किंवा आरशात बघा. अनवाणी चालायचा नेम असेल तर त्याबद्दल डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. वारीत लाखो पावलं साध्या चपलेत चालतात, कितीतरी अनवाणी. त्या पायांची शेतातल्या मातीशी आयुष्यभराची ओळख असते. आपले पाय फ्लॅटच्या टाइल्सवर वाढलेले आहेत.

नवे शूज घेऊन थेट आळंदीला जाऊ नका. निदान सहा आठवडे आधी घ्या आणि ६०-७० किलोमीटर तरी त्यात चाला. येऊरचा चढ, पामबीच रोडचा सपाट लांब फुटपाथ, पहिला पाऊस पडला की भिजलेल्या रस्त्यावरून एक फेरी. जुने, पायाला सरावलेले मागे पट्टा असलेले सँडलही पिशवीत ठेवा. शूज भिजले तर रात्री इनसोल बाहेर काढायचा आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, झोपण्याआधी एकदा बदलायचे. चुलीजवळ किंवा गॅसपाशी ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो.

पुणे ते सासवड हा दिवस मोठा, सुमारे ३० किलोमीटरचा, आणि त्यात दिवे घाट. काकू त्या संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्या तेव्हा त्यांचे राखाडी शूज गुडघ्याएवढ्या चिखलातून आल्यासारखे झाले होते. त्यांनी आधी दोन्ही मोजे काढले, पाय पुसले, मोबाइलचा टॉर्च लावून एकेक बोट फाकवून पाहिलं. डाव्या करंगळीला गुलाबी ठिपका होता. तिथे टेप लावून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुझ्याकडचं कालचं वर्तमानपत्र दे गं, आणि माझ्या टाळांची पिशवी कुठे ठेवलीस?"